२२क्यू सिंड्रोम, नाकातून जाणारा आवाज आणि पुण्यातलं एक स्पीच थेरपी क्लिनिक – आमचा अनुभव

हा रिव्ह्यू पुण्यातल्या एका छोट्या स्पीच थेरपी क्लिनिकचा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तिथे एकच मॅडम आहेत आणि एक असिस्टंट, वेटिंग आत्ताच खूप आहे आणि मॅडमनी स्वतःच सांगितलंय की नाव टाकू नका, पण अनुभव जरूर लिहा म्हणजे आईबाबांना काय विचारायचं ते कळेल. रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमच्या लेकीला २२क्यू११.२ डिलीशन सिंड्रोम आहे. म्हणजे बाविसाव्या क्रोमोसोमचा एक बारीकसा तुकडा कमी आहे. जुन्या फायलींत याला डायजॉर्ज किंवा व्हीसीएफएस असं लिहिलेलं सापडतं, ते सगळं एकाच घरातलं. साधारण चार हजार बाळांत एक असं धरतात, म्हणजे तसं काही फार दुर्मिळ नाही, तरी साताऱ्यात आम्हाला हे नाव ऐकलेला माणूस भेटायला खूप वेळ गेला. तिचं हार्टचं ऑपरेशन तान्ही असतानाच झालं, कॅल्शियम कमी व्हायचं, दूध पिताना नाकातून बाहेर यायचं. तेव्हा सगळं लक्ष हार्टकडे होतं त्यामुळे नाकातून दूध येतं ही गोष्ट "होतं लहान बाळांना" म्हणून सगळ्यांनी सोडून दिली, आणि बोलण्याच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ नेमकं तिथेच होतं.

अडीच वर्षांपर्यंत मोजके शब्द. समजायचं सगळं, "आज्जीचा चष्मा आण" म्हटलं की आणून द्यायची, पण स्वतः बोलायची नाही, हात धरून ओढत न्यायची. मग शब्द आले ते असे की घरच्यांनाच कळायचे. बाबाला हाक मारली की ऐकणाऱ्याला वाटायचं मामाला बोलावतेय, कारण ब म्हणताना हवा नाकात गेली की त्याचा म होतो. पोळीची "ओळी" व्हायची आणि काका म्हणताना दोन्ही क गायब, घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आणि नुसतं "आ-आ".

या क्लिनिकच्या आधी आम्ही दुसऱ्या एका सेंटरला जात होतो. तिथे लेकीला शिट्ट्या वाजवायला, फुगे फुगवायला, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढायला, मेणबत्ती विझवायला लावायचे, ओठांना आणि गालांना व्हायब्रेटर लावायचे, आणि महिन्याच्या महिन्याला पॅकेजचे पैसे आगाऊ. पोरगी फुगा फुगवायला शिकली, आम्हीही टाळ्या वाजवल्या, बोलणं मात्र होतं तिथेच. घरी तर खाऊच्या डब्याशेजारी शिट्ट्यांचा डबा होता. आणि विचारलं की उत्तर एकच, "मसल्स वीक आहेत, वेळ लागेल." सिंड्रोमचा रिपोर्ट त्यांनी फाईलला लावून घेतला, तो उघडून कोणी वाचला असं मला कधीच दिसलं नाही.

आता या मॅडमकडचा पहिला दिवस सांगते कारण मला सगळ्यात जास्त फरक तिथेच वाटला. पहिली व्हिजिट फक्त असेसमेंटची होती, दीड तास. आधी सगळी हिस्टरी, दूध नाकातून यायचं का हा प्रश्न पहिल्या पाचात होता. मग त्यांनी खेळता खेळता लेकीच्या नाकाखाली एक छोटा आरसा धरला आणि तिला म्हणायला लावलं, "काका गाडी काढा." नंतर "दादा पोळी दे." आरसा धूसर झाला. मला म्हणाल्या, "आई, या दोन वाक्यांत एकही नाकातला आवाज नाहीये, म न ण काहीच नाही, तरी आरशावर वाफ येतेय, म्हणजे टाळू मागे नीट मिटत नाहीये." मग तिचं नाक दोन बोटांनी हलकेच बंद करून परत तेच म्हणायला लावलं आणि आवाज चटकन बदलला, ब थोडा ब सारखा वाटला. मी तर बघतच राहिले.

त्यांनी मग टॉर्च लावून तोंडात बघितलं आणि मलाही दाखवलं. पडजीभ टोकाला दोन भागांत फाटल्यासारखी, आणि टाळूच्या मधोमध एक निळसर पट्टी. याला सबम्युकस क्लेफ्ट म्हणतात, म्हणजे वरून कातडी अखंड दिसते पण आतले स्नायू जोडलेलेच नाहीत. उघड फाटलेला टाळू जन्मतःच दिसतो, हा कित्येकदा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. २२क्यू मध्ये हे बऱ्याच मुलांत असतं, आणि क्लेफ्ट नसला तरी टाळू आखूड किंवा ढिला आणि घसा खोल, त्यामुळे बोलताना मागचं दार बंदच होत नाही.

त्या दिवशी त्यांनी जे स्पष्ट सांगितलं त्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते. म्हणाल्या, नाकातून जाणारी हवा मी थेरपीने थांबवू शकत नाही, ते सर्जनचं काम आहे, फुगे शिट्ट्यांनीही ते होत नाही कारण फुंकताना टाळू ज्या पद्धतीने वर उचलला जातो तो बोलताना तसाच उचलला जातो असं नाही, बोलणं सुधारायचं तर बोलूनच सुधारायचं. पण घशातला जो अडकवलेला आवाज आहे ना, तो ती शिकलेली सवय आहे, हवा पुढे साठतच नाही म्हणून तिने घशातच आवाज तोडायला सुरुवात केली, ती सवय मी घालवू शकते आणि ते ऑपरेशनने जाणार नाही. दोन वेगळे प्रॉब्लेम, दोन वेगळे उपाय. इतक्या साध्या भाषेत हे आम्हाला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि घरी येताना गाडीत नवरा पूर्णवेळ हेच बोलत होता.

सेशन्स सुरू करायच्या आधीच त्यांनी तीन ठिकाणी पाठवलं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांकडे, कारण टाळूचे स्नायू नीट नसले की कानाच्या नळीलाही त्रास होतो, पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, आणि ऐकूच कमी आलं तर स आणि श मधला फरक पोरगी कुठून शिकणार. आमच्याकडे दोन्ही कानांत पाणी निघालं, ग्रोमेट (पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) घातले. दुसरं क्लेफ्ट टीमकडे, प्लास्टिक सर्जन आणि तिथल्या स्पीच थेरपिस्ट एकत्र बघतात, नाकातून बारीक कॅमेरा घालून पोरगी बोलत असताना टाळू किती मिटतो ते बघायला. त्याला नेझोएंडोस्कोपी म्हणतात. मूल कॅमेरा आत असताना बोलायला तयार असावं लागतं म्हणून फार लहान वयात जमत नाही. मॅडमनी त्याची तयारी पण करून घेतली, बाहुलीच्या नाकात मऊ नळी घालून, बाहुलीला "पपई, पापड, बाबा" म्हणायला लावून, मग पोरीने आत बसल्यावर तेच शब्द म्हटले.

तिसरं ईएनटी, पण सोबत एक चिठ्ठी देऊन. हे मी मुद्दाम लिहिते, बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. २२क्यू किंवा सबम्युकस क्लेफ्ट असलेल्या मुलाचे ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातल्या गाठी) घोरतंय, सर्दी होतेय म्हणून पटकन काढून टाकायचे नसतात. टाळू आखूड असला की तो मागे असलेल्या ॲडेनॉइडच्या उंचवट्याला टेकून कसाबसा बंद होत असतो, तो उंचवटाच काढला की आवाज आणखी नाकात जातो. काढायची वेळ आलीच तर आधी क्लेफ्ट टीमचं मत घ्या. चिठ्ठीत नेमकं हेच लिहिलेलं होतं.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगते कारण हा रिव्ह्यू थेरपीचा आहे. टाळूचे स्नायू मागे वळवून जोडले, आवाज बराच पुढे आला, दमली की अजून थोडा नाकात जातो. पुढे कदाचित फॅरिंजिअल फ्लॅप लागेल, म्हणजे घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडायचं ऑपरेशन. तो करायच्या आधी मानेतल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात कारण या सिंड्रोममध्ये मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कधीकधी जागा सोडून घशाच्या मधल्या भागाकडे सरकलेली असते, सर्जनला ते आधी माहीत असायलाच हवं. फ्लॅपनंतर झोपेत श्वास अडकतो का तेही बघतात. खर्चाचं टेन्शन असेल तर स्माईल ट्रेन या क्लेफ्टच्या मुलांना मदत करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत क्लेफ्टचं ऑपरेशन मोफत होतं, ते आधी विचारा.

आता प्रत्यक्ष थेरपी. पंचेचाळीस मिनिटं, त्यात टेबलावर बसून ड्रिल जेमतेम अर्धा वेळ, पण त्या अर्ध्या वेळात पोरगी एक आवाज शंभरदा म्हणते आणि तिला कळतही नाही की शंभरदा म्हटला. प शिकवला तो थेट प पासून नाही, फ पासून. फुलपाखरातला फ, दोन्ही ओठ मिटून. आधी कुजबुजत, नुसती हवा, "फ्ह्ह", ओठांसमोर टिश्यूची पट्टी धरलेली, ती हलली की टाळी. मग त्याच हवेमागे हळूच आ जोडायचा, "फ्ह्ह-आ". मध्ये हवा वाहती ठेवली की घसा आवळायला सवडच मिळत नाही, घशातला तो झटका आपोआप सुटतो. मग हवा कमी कमी करत फ चा प. "पा" पहिल्यांदा स्वच्छ आला तेव्हा मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसती पापडाच्या चित्राची पाटी उचलून समोर धरली आणि पोरगी म्हणाली "पापड". दोन्ही प सकट.

स चं तर मला फारच कौतुक वाटलं कारण ते आपल्या मराठीतूनच आलं. आधी "त् त् त् त्" पटापट, मग शेवटचा त लांबवायचा, लांबवला की तो चुलीतला चमच्यातला च होतो, चहातला नव्हे, आणि तो च आणखी लांबवला की पुढे स्स्स् निघतो. मॅडम म्हणाल्या आपल्याकडे दोन प्रकारचे च आहेत हे आपलं नशीब, जिन्याला मधली पायरी आयतीच मिळाली. पोरगी चमचा, चूल, चांदोबा करत करत "साबण"पर्यंत आली. इंग्रजी वर्कशीटवरून "सन, सी, सॉक" करत बसली असती तर ही पायरी कुठून मिळाली असती सांगा. आधीच्या सेंटरला सगळी फ्लॅशकार्डं इंग्रजीत होती, आणि आम्ही घरी मराठी बोलतो असं सांगितल्यावर "एकच लँग्वेज ठेवा, इंग्लिश ठेवा" असा सल्ला मिळाला होता. इथे उलट सांगितलं, तुम्ही जी भाषा मनापासून बोलता तीच बोला, दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, अर्धवट येणाऱ्या भाषेत आईबाप कमी बोलतात त्याने नुकसान होतं.

उच्चार हा एक भाग झाला. भाषा हा दुसरा, आणि तो बऱ्याच ठिकाणी राहूनच जातो. तिचे शब्द बाहेरच्यांना कळत नव्हते त्या काळात मॅडमनी लगेच खुणा आणि फोटो सुरू केले, "पाहिजे", "नको", "अजून", "मदत" एवढ्या खुणा आणि घरातल्या वस्तूंचे फोटो. सासूबाईंना भीती की खुणा शिकवल्या तर बोलणारच नाही. तसं काही होत नाही, उलट रडारड आणि आदळआपट कमी होते आणि शब्द आला की खूण आपोआप सुटते, आमच्याकडे तसंच झालं. सुरुवातीला त्यांनी जेलो नावाचं ॲप पण दाखवलं, ते आयआयटी मुंबईच्या डिझाईन विभागात तयार झालंय, फुकट आहे आणि मराठीत बोलतं, चित्रावर बोट ठेवायचं. आम्हाला ते थोडेच दिवस लागलं पण ज्यांचं मूल अजिबात बोलत नाही त्यांनी जरूर बघा.

आता ती पहिलीत आहे आणि नवीनच गोष्ट समोर आलीय. वाचते छान, अक्षरं पटापट, पण वाचलेल्या गोष्टीत "ससा का पळाला" विचारलं की गप्प. जे पानावर लिहिलंय ते सांगेल, न लिहिलेलं ओळखायला जमत नाही. गणितातली शब्दांची उदाहरणं पण तशीच अडतात. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं की २२क्यू मध्ये वय वाढलं की बोलणं स्वच्छ होतं आणि मग सगळ्यांना वाटतं झालं आता, पण "का", "कसं", "पुढे काय झालं असेल" हे मागे राहतं आणि शाळेत पोर आळशी ठरतं. म्हणून आता सेशनमध्ये गोष्टी असतात, चार चित्रं क्रमाने लावायची, मग एक चित्र लपवायचं आणि मध्ये काय झालं असेल ते सांगायचं. शाळेच्या बाईंसाठी एक पानभर पत्र दिलं, मराठीत, की सूचना एका वेळी एकच द्या, बरोबर फळ्यावर लिहा, उत्तराला वेळ द्या, सगळ्यांसमोर "परत नीट बोल" म्हणू नका. बाईंनी ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

घरचा अभ्यास म्हणजे रोज पाच-पाच मिनिटं, तेही कामं करता करता. ती "आडी" म्हणाली की "चूक, गाडी म्हण" असं म्हणायचं नाही, "हो गं, गाडी! केवढी मोठी गाडी" म्हणून पुढे जायचं. मॅडम मला काचेपलीकडे बसवत नाहीत, "आई, या इकडे, आता तुम्ही करा" म्हणून जागा देतात आणि स्वतः बाजूला बसून बघतात. एकदा आज्जीला पण बोलावून घेतलं कारण दुपारभर पोरगी आज्जीकडेच असते. आज्जी पापड लाटताना प ची प्रॅक्टिस घेतात, अगदी मनापासून.

आता अर्धा मार्क कुठे गेला. एक तर वेटिंग, चार महिने थांबावं लागलं आणि या वयात चार महिने फार असतात. दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, हार्टचा त्रास असलेल्या मुलांना जिना चढून आल्यावर लगेच बोलायला लावणं बरं नाही, मॅडम दहा मिनिटं बसवतात पण ती दहा मिनिटं सेशनमधूनच जातात. असेसमेंटचा रिपोर्ट इंग्रजीत असतो, मागितलं तर मराठीत समजावतात पण लेखी मराठीत मिळायला हवा असं मी त्यांना सांगितलंय. ऑनलाइन सेशन गोष्टींसाठी आणि भाषेसाठी ठीक, आवाजाच्या कामासाठी नाही, फोनवर स आणि श कळतच नाही. फी एका सेशनला आठशे. पॅकेज नाही, आगाऊ पैसे नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी ठरवलेलं साध्य झालं की नाही ते रेकॉर्डिंग लावून दाखवतात, आधीचं आणि आत्ताचं. ऑपरेशननंतर एकदा त्यांनीच सांगितलं की दोन महिने येऊ नका, घरीच करा, टाके भरू द्यात. पैसे मिळत असताना येऊ नका म्हणणारी माणसं कमी, म्हणून हे लिहिलं.

पुण्यात येणं शक्य नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांमधले असे प्रश्न लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मोफत. स्पीच थेरपिस्टची पोस्ट भरलेली आहे का ते आधी फोन करून विचारा. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे ऐकण्याची आणि बोलण्याची दोन्ही तपासणी एकाच छताखाली होते. आणि कुठेही जा, थेरपिस्टचा आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांची डिग्री आहे का विचारा, राग आला तर येऊ दे. मग विचारा की माझ्या मुलाचा आवाज नाकात का जातो. तोंडात टॉर्च न लावता, कान न तपासता कोणी थेट ब्लोइंग एक्सरसाइजचं, म्हणजे फुगे शिट्ट्या फुंकण्याचं, पॅकेज सांगितलं तर तिथून उठा.

ज्यांच्या मुलाचं हार्टचं ऑपरेशन झालंय, दूध नाकातून यायचं आणि बोलणं उशिरा किंवा नाकात आहे, त्यांनी पीडियाट्रिशियनना २२क्यूची टेस्ट करायची का हे एकदा विचाराच, फिश किंवा मायक्रोॲरे या रक्ताच्या जेनेटिक टेस्ट आहेत. पॉझिटिव्ह आली तर आईबाबांचीही करतात, कारण साधारण दहातल्या एका घरात ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. आमच्यात नव्हतं.

क्लिनिक रविवारी आणि सोमवारी बंद, गाडी लावायला समोर जागा नाही, मागच्या गल्लीत मिळते. बाहेरगावच्यांना सकाळचा पहिला स्लॉट देतात, नाव नोंदवताना तसं सांगावं लागतं.